'दास' की 'गुलाम'? फिलेमोनाच्या पत्रातला एक शब्द

प्रश्न : बायबलमध्ये ख्रिस्ती प्रेषित पौलानं फिलेमोन नावाच्या मालकाला लिहिलेलं पत्र आहे. त्यात फिलेमोनाकडच्या अनेसिम नावाच्या माणसासाठी मराठीत 'दास' येतं, मूळ ग्रीक 'दूलोस'. हा घरचा गडी, की विकत घेतलेला माणूस? मग सरळ 'गुलाम' का नको?

उत्तर : गडी नव्हे. मोलानं राबणाऱ्याला ग्रीकमध्ये 'मिस्थिओस' हा वेगळा शब्द आहे. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पोरगा बापाकडे तीच जागा मागायचं ठरवतो, मोलकऱ्याची. दूलोस मात्र मालकाच्या मिळकतीत धरला जाई. विकता येई, गहाण टाकता येई.

अडचण आपल्या कानाची आहे. 'रामदास', 'दास्यभक्ती' ऐकत वाढलेल्यांना 'दास' म्हटलं की नम्रता ऐकू येते, बाजार ऐकू येत नाही. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला नाव दिलं ते 'गुलामगिरी', आणि अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. तिथं 'दास्य' चाललंच नसतं.

आता पत्र वाचा. 'अनेसिम' म्हणजे उपयोगी. गुलामांना सर्रास ठेवलं जाणारं नाव. पौल त्यावर कोटी करतो : पूर्वी तुला बिनकामाचा होता, आता तुझ्याही कामाचा आणि माझ्याही. त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, हे मी स्वहस्ते लिहितो. ही भाषा हिशेबाच्या वहीतली आहे. सोळाव्या ओवीत तो म्हणतो, यापुढे दूलोस म्हणून नको, त्याहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. 'दास' वाचलं की ही झेप अगदी लहान वाटते. माझं मत, इथं 'गुलाम'च हवं.

प्रश्न : पण पौल स्वतःलाही 'ख्रिस्ताचा दास' म्हणवतो. 'ख्रिस्ताचा गुलाम' फार खटकतं हो!

उत्तर : खटकू द्या. फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळींना त्यानं लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत तोच शब्द आहे, आणि पहिल्या वाचकांत खरेखुरे गुलाम होते. त्यांनाही तो टोचलाच असणार. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो लिहितो, तुम्हांला मोल देऊन विकत घेतलंय, माणसांचे गुलाम होऊ नका. करिंथच्या जवळच डेल्फीला, अपोलो या ग्रीक देवाच्या देवळाच्या आवारातल्या भिंतीवर, गुलामांच्या मुक्ततेचे शेकडो लेख कोरलेले आहेत. कागदोपत्री अपोलो देव गुलामाला विकत घेतो, किंमत लिहिलेली असते, साक्षीदारांची नावं असतात, आणि माणूस सुटतो. पुष्कळ लेखांत मात्र जुना मालक मरेपर्यंत त्याच्याजवळच राहायची अट असते. पौलाचं वाक्य डेल्फीवरूनच आलं असा माझा दावा नाही, पण देवानं मोल देऊन माणूस घ्यावा ही कल्पना त्या मुलखात नवखी नव्हती. एके ठिकाणी 'दास' आणि दुसरीकडे 'गुलाम' केलं, तर हा धागाच तुटतो.

जाता जाता : 'गुलाम' हा अरबी शब्द मुळात 'पोरगा' या अर्थाचा. ग्रीकमध्येही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आपल्या आजारी माणसाला 'पाइस' म्हणतो, म्हणजे पोर. आपल्या हॉटेलातल्या 'पोऱ्या'सारखं. गुलाम साठीचा झाला तरी हाक तीच.