कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर एसयूव्ही : नवी घ्यावी की चार वर्षे वापरलेली, आणि पारख कशी करावी?

उंचबैठक

नमस्कार मंडळी,

घरात आम्ही पाच जण आहोत. त्यांत चार वर्षांचा मुलगा आहे, आणि गुडघेदुखीमुळे बसक्या गाडीत शिरताना व उतरताना त्रास होणारी आई आहे. म्हणून थोडी उंच, पण आकाराने आवाक्यातली अशी कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर एसयूव्ही घ्यायचे ठरवले. मॉडेलही पसंत पडले आहे, मात्र खरा पेच त्यानंतर सुरू झाला. त्या मॉडेलचे नवे कोरे, सर्वांत खालचे व्हेरियंट (पुढच्या चाकांची ड्राइव्ह, मॅन्युअल गियर) आणि चार वर्षे वापरलेले, ६२,००० किलोमीटर चाललेले, सर्वांत वरचे व्हेरियंट (चारही चाकांची ड्राइव्ह, ऑटोमॅटिक) जवळजवळ सारख्याच रकमेत मिळते आहे. दोन्हींचे इंजिन एकच, म्हणजे छोटे टर्बो पेट्रोल.

रोजचे जाणे-येणे मिळून सोळा किलोमीटर होते, महिन्यातून एकदा तीनशे किलोमीटरचा महामार्गाचा प्रवास असतो आणि वर्षातून चार-पाच वेळा खराब, कच्च्या रस्त्याने जावे लागते. नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमके काय पाहावे, जुन्या गाडीत काय तपासावे आणि चारही चाकांच्या ड्राइव्हचा आम्हाला खरोखर उपयोग आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. तेलाची पातळी पाहण्यापलीकडे मला गाडीतले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो.

सरळरेषा

आपण कोणत्या जातीची गाडी घेत आहोत हे प्रथम स्पष्ट असावे, कारण बऱ्याच अपेक्षाभंगांचे मूळ तिथे असते. टोयोटाने १९९४ मध्ये रॅव्ह-४ आणली आणि होंडाने १९९५ मध्ये सिव्हिकच्या पायावर सीआर-व्ही उभी केली, तेव्हापासून या वर्गाचा सांगाडा हा मोटारीचा सांगाडा आहे. जुन्या जीपसारखी वेगळी चौकट आणि तिच्यावर बसवलेली बॉडी असा प्रकार यात नसतो. बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे ही गाडी म्हणजे उंच केलेली हॅचबॅक समजून तिची परीक्षा घ्यावी. बॉनेट उंच आहे आणि चाकांभोवती काळे प्लास्टिक आहे म्हणून ती दगडधोंड्यांतून जाईल, असे समजू नये.

टेस्ट ड्राइव्हला आईला आणि मुलाच्या सीटला बरोबर न्यावे. विक्रेता पडद्याचा आकार दाखवत असताना आपण आईला मागच्या दारातून चार वेळा चढ-उतार करायला सांगावे. सीटची उंची मांडीच्या पातळीच्या जवळपास असेल तर माणूस वाकत नाही आणि चढतही नाही, नुसता सरकून बसतो. या वर्गाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, पण तो प्रत्येक मॉडेलमध्ये सारखा नसतो, कारण काहींचा दाराचा उंबरठा इतका रुंद असतो की पाय बाहेर टाकताना पोटरी त्यावर घासते. मुलाची सीट आयसोफिक्सच्या (मुलांची सीट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्ये दिलेल्या) कड्यांत स्वतः बसवून पाहावी. ती बसल्यावर तिच्या पुढच्या सीटवर उंच माणसाला जागा उरते का आणि मागे आणखी दोन मोठी माणसे मावतात का, हे तिथेच कळते. पाच जणांच्या घरात ही बाब पुढे रोज टोचते.

माहितीपत्रकातील एका आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तो म्हणजे भार वाहण्याची मर्यादा. गाडीचे एकूण अनुमत वजन १,९५० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन १,५०० किलो असेल, तर माणसे व सामान मिळून ४५० किलोच उरतात. चार मोठी माणसे, एक मूल, त्याची सीट आणि प्रवासाच्या बॅगा यांची बेरीज सहज चारशेच्या आसपास जाते. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतल्या अंतराचा, आकडाही तसाच फसवा आहे, कारण काही कंपन्या तो रिकाम्या गाडीचा देतात आणि भरलेली गाडी चांगलीच खाली बसते.

जमल्यास गाडी पाच जणांसह चालवावी. छोटे टर्बो इंजिन एकट्या चालकाला चपळ वाटते, पण भरलेल्या गाडीत चढावर टर्बो जागा होईपर्यंतचा क्षण लांबतो आणि मॅन्युअलमध्ये गियर वारंवार खाली घ्यावा लागतो. मागे पाहण्याचीही परीक्षा कॅमेरा बंद आहे असे समजून, मान वळवूनच घ्यावी. या गाड्यांचे मागचे खांब जाड आणि काचा निमुळत्या होत चालल्या आहेत. माझ्या मते हा या वर्गाचा सर्वांत वाईट दोष असून सौंदर्याच्या नावाखाली तो खपवला जातो.

वंगणहात

माझे निम्मे आयुष्य गॅरेजमध्ये गाडी उचलणाऱ्या लिफ्टखाली गेले, तेव्हा वापरलेल्या गाडीविषयी सांगतो. मॉडेल चांगले की वाईट हा प्रश्न चार वर्षांनंतर मागे पडतो आणि समोरची एक गाडी कशी वापरली गेली एवढाच उरतो.

सकाळी, इंजिन थंड असतानाच जावे आणि तसे आधी कळवावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच सुरू करून ठेवलेली असते, आणि थंड इंजिनची खडखड, धूर किंवा सुरू होतानाची धडपड आपल्यापासून लपते. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर सावध व्हावे. केवळ छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत झाकणावर थोडी साय ओलाव्यामुळेही येते, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नये, पण मग डिपस्टिकवरचे तेल काळजीपूर्वक पाहावे.

यानंतर टायर पाहावेत, आणि आपल्या बाबतीत ते फार महत्त्वाचे आहेत. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. चार वर्षांच्या गाडीवर एकाच टायरचा शिक्का वेगळा असेल तर तो का बदलला, हे विचारावे. आता गणित पाहा. २२५/६५ आर १७ मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७२४ मिलिमीटर असतो. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर आणि झिजलेल्याची तीन धरली, तर व्यासात दहा मिलिमीटरचा फरक पडतो आणि झिजलेले चाक दर किलोमीटरला सुमारे सहा फेरे जास्त फिरते. दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये याचे फारसे बिघडत नाही. चारही चाकांच्या ड्राइव्हमध्ये मात्र पुढच्या व मागच्या चाकांना जोडणारा क्लच ही तफावत सतत सोसत राहतो, तापतो आणि झिजतो. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत. ते तसे नसतील तर मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फेरी मारावी. मागून हिसके किंवा गुरगुर जाणवली तर तो क्लच किंवा त्याचे तेल तक्रार करत आहे. मागच्या डिफरन्शिअलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचे) आणि या क्लचचे तेल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात शोधावी. बहुतेक मालकांना हे तेल असते हेच ठाऊक नसते.

ऑटोमॅटिकचा प्रकार कोणता, हे नक्की करून घ्यावे. सीव्हीटी (ठरावीक गियर नसलेला गियरबॉक्स) असेल तर मंद वेगात हलका दाब दिल्यावर थरथर होते का पाहावे. दुहेरी क्लचचा गियरबॉक्स असेल तर चढावर रांगत्या वाहतुकीत तो कसा वागतो, यावरून त्याचे आरोग्य कळते. टॉर्क कन्व्हर्टरवाला असेल तर गियर बदलताना धक्का बसू नये. तिन्हींत रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडीने दोन-दोन सेकंद विचार करत बसता कामा नये. गियरबॉक्सचे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरते, असे कोणी सांगितले तर ते आयुष्य कोणाच्या हिशेबाने मोजले आहे, हे विचारावे.

ठोकलेली गाडी ओळखण्यासाठी रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर तीनशे आले तर ते दार पुन्हा रंगवलेले असते, आणि हजाराच्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे. रंगवलेले दार हा गुन्हा नव्हे, पण पुढच्या चाकाजवळच्या किंवा डिकीच्या तळाच्या पत्र्यावर जोडकाम दिसले तर तिथूनच परत फिरावे. पाण्यात बुडालेली गाडी तपासण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा आणि पट्ट्यावर मातकट रेषा आहे का पाहावे. गालिचा धुता येतो. गुंडाळलेला पट्टा धुवायचे बहुतेकांना सुचत नाही. स्टेपनीखालचा खड्डाही पाहावा.

शेवटी गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा. नुसते फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) नाहीत यावर समाधान मानू नये, कारण ते पाच मिनिटांत पुसता येतात. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते आणि स्कॅनरवर त्या चाचण्या अपूर्ण दिसतात. इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तर ते लागून राहण्याइतकेच वाईट आहे. चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून एखादे रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) बाकी आहे का, हेही तपासावे. टकाटा या कंपनीच्या सदोष एअरबॅगचे प्रकरण आठवत असेल. उष्णता आणि दमटपणामुळे त्यांतील रसायन वर्षानुवर्षे बिघडत जात होते, म्हणजे गाडी जितकी जुनी तितका धोका अधिक होता. अशी दुरुस्ती मोफत होते, तरी कितीतरी मालक ती करून घेत नाहीत.

पाऊलवाट

वंगणहात यांचे तपासणीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण मूळ प्रश्नाला थोडे वेगळे उत्तर द्यावेसे वाटते. वर्षातून चार-पाच वेळच्या कच्च्या रस्त्यासाठी चारही चाकांच्या ड्राइव्हचे वजन, इंधन आणि देखभाल वर्षभर वाहणे मला पटत नाही. या वर्गातील बहुतेक गाड्यांत ही व्यवस्था एरवी पुढच्या चाकांवरच चालते आणि चाके घसरू लागली किंवा घसरतील असे वाटले की मागे ताकद पाठवते. निसरड्या जागेवरून निघताना तिचा उपयोग होतो. ब्रेक लावताना शून्य. थांबण्याचे अंतर टायर ठरवतात, आणि झिजलेल्या टायरांच्या चार चाकी ड्राइव्हपेक्षा उत्तम टायरांची दोन चाकी ड्राइव्ह ओल्या रस्त्यावर अधिक सुरक्षित असते.

तरीही मी आंधळेपणाने नवी घ्या असे म्हणणार नाही. खालच्या व्हेरियंटमध्ये कंपनीने कुठे हात आखडता घेतला आहे, ते आधी पाहावे. एअरबॅग किती आहेत, स्थिरता नियंत्रण आहे का, मागे मधल्या माणसाला तीन बिंदूंचा बेल्ट आणि डोक्याचा आधार आहे का? क्रॅश चाचणीचे तारे सांगितले जातात, तेव्हा ती चाचणी कोणत्या वर्षाची आणि कोणत्या साधनांसह झालेली, हे विचारावे. युरो एनकॅप या युरोपातील क्रॅश चाचणी संस्थेची पद्धत १९९७ पासून वेळोवेळी कडक होत गेली आहे, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे पाच तारे एकसारखे नसतात. ही साधने नव्या व्हेरियंटमध्ये नसतील, तर माझे मत जुन्या गाडीकडे झुकेल.

रोजच्या आठ-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांविषयी एक सूचना. थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनात अशा वापरामुळे इंधन तेलात मिसळत राहते. नवी घ्या वा जुनी, तेल कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा लवकर बदलावे. डिझेलचा मोह कोणी घातला तर या वापरासाठी तो टाळावा. छोट्या फेऱ्यांत डिझेलच्या धुराचा फिल्टर, त्यात साठलेली काजळी जळून साफ होण्याइतका तापतच नाही.

उंचबैठक

सर्वांचे मनापासून आभार. काल जुनी गाडी पाहून आलो. आईला दोन्ही ठिकाणी सहज बसता आले, तेव्हा तो मुद्दा बरोबरीत सुटला. नव्या गाडीत मागच्या मधल्या सीटला डोक्याचा आधार नाही. जुनीत तो आहे, शिवाय एअरबॅगही जास्त आहेत.

मात्र जुन्या गाडीचे मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा दीड वर्षाने नवे निघाले. गोल फेरीत मला तरी हिसका जाणवला नाही. स्कॅनरवर एकही कोड नव्हता, पण आठांपैकी पाच चाचण्या अपूर्ण होत्या. विक्रेता म्हणाला की गेल्याच आठवड्यात बॅटरी बदलली, म्हणून तसे दिसते. हे खरे असू शकते का?

वंगणहात

असू शकते. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत त्या नोंदी तशाच कोऱ्या होतात, त्यामुळे एवढ्यावरून त्यांना खोटे ठरवू नये, आणि एवढ्यावरून विश्वासही ठेवू नये. बॅटरीचे बिल मागावे आणि त्यावरची तारीख पाहावी. मग गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवू द्यावी. त्यात दोन-तीन वेळा रात्रभर उभी राहून थंड इंजिनने सुरू झालेली असावी आणि एकदा तरी महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगात गेलेली असावी. त्यानंतर तुमचाच स्कॅनर पुन्हा लावावा. चाचण्या पूर्ण झाल्या आणि दिवा लागला नाही, तर इंजिनच्या बाजूने माझी हरकत नाही. इंधनाच्या वाफेची चाचणी पूर्ण व्हायला कधी कधी अधिक वेळ घेते, ती एकटी मागे राहिली तर घाबरू नये. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) चाचणी तशीच अपूर्ण राहिली, तर मात्र कोणीतरी पुन्हा कोड पुसले आहेत असेच मी समजेन.

टायरांची नक्षी खोलीमापकाने चारही चाकांवर मोजून इथे कळवा. पुढच्या-मागच्यांत दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक निघाला, तर चारही नवे टायर आणि मागच्या क्लचचे तेल यांचा खर्च रकमेतून वजा करून मागावा. विक्रेता तयार झाला नाही आणि पुन्हा स्कॅनर लावायलाही कुरकुर करू लागला, तर बयाणा देऊ नये.