लिनक्सला नेटवर्क कार्ड दिसेना: तुमचं घोडं कुठे पेंड खात होतं?

मिंट, उबंटू, डेबियन, लिनक्सची कुठलीही डिस्ट्रो (तयार आवृत्ती) टाका. स्क्रीन झकास, आवाज येतोय, आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. ही वेळ इथल्या बहुतेकांवर येऊन गेली असणार. कमांडींचा ढीग नेटवर पडलाय आणि त्यातल्या बऱ्याच शिळ्या झाल्यात. म्हणून काय टाइप केलं यापेक्षा नेमकं कुठे अडलंय हे कशावरून कळलं, ते लिहा. 'कार्ड ओळखत नाही' या एका तक्रारीखाली वेगवेगळी दुखणी असतात.

सुरुवात मी करतो. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, तेव्हा मामांच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकलं. वायफाय गायब. 'एलएसपीसीआय' (बोर्डावरच्या कार्डांची यादी देणारी कमांड) ला 'एनएनके' जोडून चालवलं, तर कार्डाचं नाव व्यवस्थित आलं आणि खाली वापरातला ड्रायव्हरही: बी४३. म्हणजे ओळख पटलेली होती! मग 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश, चाळलं. 'यूकोड१५' नावाची फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल सापडत नाही, अशी ओळ तिथे स्वच्छ लिहिलेली. परवान्याच्या अटींमुळे ती फाइल डिस्ट्रोसोबत देता येत नाही, इन्स्टॉलर पॅकेज ती नेटवरून उतरवून घेतं. आणि नेटच तर नाही! शेवटी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला) चालू केलं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. फोन घरच्या वायफायवर ठेवला तर मोबाइल डेटाही जात नाही, हे मामांना फार आवडलं.

खटपट्या
माझी गंमत डोंगलची. लॅमिंग्टन रोडवरून छोटासा यूएसबी वायफाय डोंगल आणला. लावला की वायफाय नाही, पण फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी उघडायची. आत विंडोजची सेटअप फाइल. आधी वाटलं, चुकून पेनड्राइव्हच हातात दिला की काय. 'एलएसयूएसबी' मध्ये (यूएसबी उपकरणांच्या यादीत) क्रमांक ०बीडीए:१ए२बी आणि पुढे चक्क 'डिस्क'. हा क्रमांक शोधल्यावर उलगडा झाला. असे डोंगल आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर वेगळा शोधावा लागत नाही. ड्रायव्हर बसला की तोच त्याला वायफायच्या अवतारात आणतो. लिनक्सवर हे काम 'यूएसबी मोडस्विच' करतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून त्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' केलं. पुन्हा 'एलएसयूएसबी': शेवटचे चार आकडे बदलून सी८११! कर्नल ६.२ पासून या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्यामुळे पुढे काही करावंच लागलं नाही. त्याआधीच्या कर्नलवाल्यांना मात्र ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल करावा लागतो.

उपाशी पेंग्विन
खटपट्या, अगदी अगदी! इजेक्टची युक्ती वाचनखूण म्हणून साठवली.

कोकणी मेवा
आमच्याकडे ड्युअल बूट, एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स. मुलगी विंडोज 'शटडाउन' करून उठली की लिनक्समध्ये लॅन मेलेलं. 'रीस्टार्ट' करून आलं की ठणठणीत. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' म्हणजे पुरतं बंद करणं नव्हेच, कार्ड अर्धवट झोपेत राहतं. ते बंद केलं, विषय संपला.

सर्व्हरवाला
ऑफिसच्या सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली आणि नेट गेलं. एसएसडीचा नेटशी काय संबंध? 'आयपी लिंक' मध्ये (नेटवर्क कार्डांच्या यादीत) कार्ड होतं, पण काल 'ईएनपी३एस०' असलेलं आज 'ईएनपी४एस०'. ही नावं पीसीआय बसच्या क्रमांकावरून पडतात. मध्ये नवं उपकरण घुसलं की क्रमांक सरकू शकतो. नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनंच नाव, त्यामुळे आयपी मिळणार कुठून? आता नावाऐवजी मॅक ॲड्रेसवर (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) बांधून ठेवलंय. २०१३ मध्ये सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) ही पद्धत आणली ती नावं स्थिर राहावीत म्हणून, हे विशेष.

उपाशी पेंग्विन
माझं सिक्युअर बूटमुळे (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू न देणाऱ्या सोयीमुळे) अडलं होतं. ड्रायव्हर बिनतक्रार कंपाइल झाला, पण 'मॉडप्रोब' केलं (ड्रायव्हर कर्नलमध्ये चढवला) की किल्ली नाकारल्याचा संदेश. ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही होती, बोर्डाला ती किल्ली माहीत नव्हती. रीस्टार्टनंतर जो निळा पडदा येतो तिथे 'एनरोल मॉक' (आपली किल्ली नोंदवणं) निवडायचं. तो फार वेळ थांबत नाही, चहा आणायला उठू नका.

नवखा
माझं अजून सुटलेलं नाही. डेस्कटॉपला लॅन कार्ड लावलंय, पण 'एलएसपीसीआय' च्या यादीत त्याची ओळच नाही. कुठला ड्रायव्हर टाकू?

सर्व्हरवाला
कुठलाच नको. यादीत ओळ नाही म्हणजे गोष्ट ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नाही. पीसी बंद करून वीज काढा, कार्ड नीट दाबून बसवा, नाहीतर दुसरा स्लॉट बघा. बायोसमध्ये तो स्लॉट बंद नाही ना, तेही तपासा. मग कार्ड दुसऱ्या पीसीत लावून पाहा आणि तिथे काय दिसतं ते इथे टाका.