आधी गाडी ठरवा, मग झाडू घ्या

"एका रविवारी झाडून काय होणार, पुढच्या आठवड्यात तेच" असं सफाई मोहिमेबद्दल म्हटलं जातं, ते अर्धं खरं आहे. मुंबईतल्या वर्सोव्याचा किनारा आठवा. ऑक्टोबर 2015 मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वृद्ध शेजाऱ्याला घेऊन सफाईला सुरुवात केली. दोघंच! पण दर शनिवार-रविवार येत राहिले, माणसं जोडली गेली. मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. तरी पावसाळ्यात समुद्र प्लास्टिक परत आणून टाकतोच, त्यामुळे काम संपत नाही.

आमच्या नाल्याकाठी वेगळीच फजिती झाली. चाळीस गोणी भरल्या, फोटो काढले, आणि उचलायला गाडीच आली नाही. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी सगळं पुन्हा पसरलं. तेव्हापासून गाडीची वेळ पक्की झाल्याशिवाय आम्ही कुणाला बोलावत नाही. ओला कचरा आणि काच वेगवेगळ्या गोणीत. हातमोजे रबरी जाड घ्या, पातळ मोजे काचेपुढे टिकत नाहीत.

सफाईनंतर भिंती रंगवायच्या असतील तर आधी ओल बघा. आम्ही भिंतीवर रंगवलेला मोर दिवाळीपर्यंत पोपडे होऊन गळला.