सासऱ्यांना लाकडी जहाजाचं किट द्यायचंय, 'व्हिक्टरी' घेऊ का?

ठाणेकर_सून
सासरे पुढच्या महिन्यात साठीचे होतायत. 1/72 ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) प्लास्टिकची विमानं बरीच वर्षं करतात, रंगकामात हात बसलेला आहे. आता शिडाचं लाकडी जहाज करायचं त्यांच्या मनात आहे. 1:72 चं 'एचएमएस व्हिक्टरी' बघून ठेवलंय, म्हणजे स्केलही त्यांच्या सवयीचं. टेबल चार फुटी. घेऊ का?

नाळ_ते_सुकाणू
नका घेऊ. स्केल तेच असलं तरी 1/72 चं लढाऊ विमान तळहातावर मावतं आणि याच स्केलची 'व्हिक्टरी' पुढे टोकाला आलेल्या आडव्या काठीसकट सुमारे 1 मीटर 38 सेंमी भरते. तुमचं टेबल 122 सेंमी! त्यात 104 तोफांचं जहाज. तोफेचा एक गाडा जुळवायला मजा येते, तिसाव्याला हात थांबतो.

मॉडेल शिपवेज कंपनीची छोट्या होड्यांची तीन किट्स नवख्यांसाठीच आखलेली आहेत: 1:24 ची लोवेल ग्रँड बँक्स डोरी, मग 1:12 ची नॉर्वेजियन प्राम, मग 1:24 ची मस्कोंगस बे लॉबस्टर स्मॅक. डोरी जेमतेम वीतभर. पण साठीची भेट म्हणून ती फारच लहान दिसेल हेही खरं. दोन डोलकाठ्या आणि शिडं हवीच असतील तर ऑक्रे कंपनीचं 'पोलारिस', 1:50. जहाजाच्या अंगावरच्या लाकडी पट्ट्या दोन थरांत लागतात, त्यामुळे पहिला थर ओबडधोबड झाला तरी दुसऱ्याखाली झाकला जातो.

वीस_पट्ट्या
'पोलारिस'ला माझंही मत. विमानवाल्यांचं घोडं अडतं ते पट्ट्या लावताना, कारण प्लास्टिकमध्ये आकार साच्यातूनच आलेला असतो. इथे मधल्या कण्यावर आडव्या चौकटी बसवायच्या आणि त्यांच्या कडा तिरप्या घासायच्या. पातळ पट्टी एकदम तीन चौकटींवर टेकवून बघायची. मधून उजेड दिसला तर शेजारच्या चौकटी अजून घासायच्या आहेत. लेझरने कापलेल्या कडेची काळी जळकी पूडही घासून काढा, तिच्यावर गोंद नीट धरत नाही.

मग मोजमाप. समजा मधल्या चौकटीची कड 100 मिमी, म्हणजे 5 मिमीच्या 20 पट्ट्या. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, तीच कड 60 मिमी, तर तिथे प्रत्येक पट्टी 3 मिमी उरली पाहिजे. निमुळती न करता तशीच दामटली की ती शेजारच्या पट्टीवर चढते. मात्र निम्म्या रुंदीपेक्षा बारीक करू नये, टोक तुटतं. एक पट्टी डावीकडे लावली की लगेच उजवीकडे. एकच बाजू भरत गेलात तर कणा वाकतो आणि तो पुढे सरळ होत नाही.

रंगाचा_डबा
माझं मत वेगळं. प्लास्टिकवर हात बसलाय तर रेव्हेल कंपनीचं 1:96 'कटी सार्क' हे प्लास्टिकचं शिडाचं जहाज द्या. नवीन शिकायची ती फक्त दोऱ्यांची गाठ. तेही 90 सेंमीच्या आसपास आहे, पण तुमच्या टेबलावर मावेल.

ठाणेकर_सून
त्यांना लाकूडच हवंय, म्हणून 'पोलारिस' नक्की. सोबत काय देऊ? त्यांच्याकडे विमानांची हत्यारं आहेत.

वीस_पट्ट्या
मग सुरी, चिमटा आहेच. प्लास्टिकचा सिमेंट लाकडाला निरुपयोगी, त्याऐवजी पांढरा फेविकॉल. 120, 240 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, त्याचे 0.5 ते 1 मिमीचे बिट (दोन-दोन घ्या, मोडतातच) आणि कपड्यांचे लाकडी चिमटे डझनभर. दोऱ्यांना लावायला मधमाशीच्या मेणाचा एक खडा, त्याने दोऱ्याची लव बसते. सुपर ग्लू कमीच वापरायला सांगा, लाकडात मुरून डाग पडतो आणि तिथे पॉलिश धरत नाही.

आणि खोका आला की भेटकागद गुंडाळण्याआधी उघडा. कण्याची फळी काचेवर आडवी ठेवून बघा. टोक उचललेलं असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत कळवा. पावसाळ्यात सुट्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद असू द्या.