शब्दचर्चा : जादूगाराचा बचाव – ढाल, कवच, उतारा वगैरे

पाचपाखाडी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळातल्या जादूगाराच्या बचावाच्या मंत्रांना मराठी नावं हवी आहेत. आमचा रविवारचा डाव हल्ली मराठीतून चालतो. त्यात दोन भिडू आठवीतले आहेत, मराठी शाळेतले. इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ आहेत, पण कोणता मंत्र कधी काढायचा तिथे गाडं अडतं. सध्या 'शील्ड'ला ढाल, 'मेज आर्मर'ला चिलखत आणि 'काउंटरस्पेल'ला प्रतिमंत्र म्हणून भागवतोय.

परवा गॉब्लिनने बाण सोडला. फाशावर १५, त्यात ४ मिळवून १९. जादूगाराचा बचाव १५ (वाराचा आकडा तितका किंवा वर गेला की वार बसतो). मी विचारलं, "ढाल?" तर पोरगा म्हणतो, "दादा, ढाल माझ्याकडे कुठाय? ती ताईच्या लढवय्याकडे आहे." मंत्राने बचाव २० झाला असता आणि बाण हुकला असता. शब्दापायी पोर जायबंदी झालं. सुचवा काहीतरी.

नेरुळ

ढाल हा शब्द चांगला आहे, पण त्याची जागा आधीच भरलेली आहे. लढवय्याची ढाल बचावात २ ची भर घालते आणि हातात आहे तोवर घालतच राहते. जादूगाराचा मंत्र ५ ची घालतो, पण फक्त त्याची पुढची पाळी येईपर्यंत. शिवाय तो वार अंगावर आल्यावरच म्हणायचा असतो. दोन्हींना एकच नाव ठेवलंत तर आठवीतलाच काय, कोणीही गोंधळेल. (तसा इंग्रजीतही हा घोळ आहेच.)

माझं म्हणणं, नामं शोधायचा नाद सोडा आणि क्रियापदं बघा. कवच बांधतात, वार झेलतात, मंत्र अडवतात, बाधा उतरवतात. बांधायचं ते आधी, झेलायचं आणि अडवायचं ते ऐनवेळी, उतरवायचं ते सगळं होऊन गेल्यावर. कोणता मंत्र कधी काढायचा हे मग त्या शब्दातच येतं.

'मेज आर्मर'ला चिलखत मुळीच नको. चिलखत लोखंडाचं, वजनदार, आणि हा मंत्र तर अंगात चिलखत नसलेल्यावरच चालतो. कवच म्हणा. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाला मंत्र म्हणून कवच बांधतात, आणि अर्जुनाचे बाण त्याच्यावर फुकट जातात. शेवटी अर्जुन कवचाबाहेर राहिलेले तळहात हेरून तिथे मारतो. लढाईला निघण्याआधी, दुसऱ्याने, मंत्राने बांधलेलं: 'मेज आर्मर' दुसऱ्याला स्पर्श करून घालता येतं, ते हुबेहूब हेच. कर्णाचं कवच जन्मजात, ते ड्रॅगनच्या खवल्यांसाठी राखून ठेवा.

आणि पोरांना हिशेबही सांगा. कवचाने बचाव १३ अधिक चपळाई इतका होतो, आठ तास टिकतो. पण पहिल्या पातळीवर जादूगाराकडे मोठ्या मंत्रांची बेगमी दोनच, म्हणजे ते दोनदाच म्हणता येतात. सकाळी एक कवचात घातली की एकच झेल उरतो. मी असतो तर ज्या दिवशी मारामारीची खात्री नाही त्या दिवशी कवच बांधलंच नसतं.

कळवा

नेरुळकर, बाकी सगळं मान्य, पण 'झेल' नको. 'वार छातीवर झेलला' म्हणजे वार बसला ना हो? शिवाय त्या खेळातला तो मठवासी लढवय्या आलेला बाण खरोखर हातात पकडतो, झेल त्याचा. जादूगार वार थोपवतो. 'थोपवणे' घ्या. 'चुकवणे'ही चालणार नाही, कारण 'मॅजिक मिसाइल' ही जादूची बाणफेक कधी चुकतच नाही, तरीही या मंत्रापुढे ती निष्प्रभ ठरते. म्हणजे थोपवली जाते.

जाता जाता: कोणी संस्कृतातून 'मंत्रवर्म' काढायच्या आत सांगून ठेवतो. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, पण मराठीत वर्म म्हणजे नेमकी दुखरी जागा, मर्मावरून आलेलं. 'जादूगाराचं वर्म' म्हटलं तर गॉब्लिन तिथेच नेम धरतील. आणि आमच्याकडे एकाने आर्मरचं 'आरमार' केलं होतं. म्हटलं बाबा, आरमार कल्याणच्या खाडीत.

घणसोली

'प्रतिमंत्र' काय वाईट आहे? आग्नेयास्त्राला वारुणास्त्र, तसा मंत्राला प्रतिमंत्र. शब्द ऐकल्याबरोबर कळतो.

नेरुळ

कळवेकर, थोपवणे मान्य. झेल परत घेतला.

घणसोलीकर, तुमच्या उदाहरणात दोन्ही अस्त्रं सुटलेली असतात आणि आकाशात भिडतात. इथे समोरच्याचा मंत्र सुटतच नाही. ६० फुटांच्या आत कोणी मंत्र म्हणायला लागलेला दिसला की आपण मध्येच मोडता घालायचा. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र आपोआप मोडायचा, त्यावरच्यासाठी फासा टाकावा लागे. २०२४ च्या नियमांत समोरच्यालाच आपला दमखम अजमावून बघावा लागतो. तो हरला तर मंत्र ओठातच राहतो, पण त्याची बेगमी खर्च होत नाही. तेव्हा 'अटकाव' म्हणा. प्रतिमंत्र म्हटलं की पोरं विचारणार, आगीवर पाणी कुठलं टाकू?

उलट 'डिस्पेल मॅजिक'ला, म्हणजे आधीच लागलेला मंत्र काढून टाकणाऱ्या मंत्राला, 'उतारा' इतका चपखल बसतो की दुसरं काही शोधूच नका. विषावर उतारा, दृष्ट उतरवतात, अंगात आलेलं उतरवतात. म्हणजे आधी चढलेलं असतं तेच उतरतं. 'फायरबॉल' फुटून गेल्यावर उतारा काय कामाचा, हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पाचपाखाडी

बांधणे, थोपवणे, अडवणे, उतरवणे. उद्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो. अजून एक: काही मंत्र टिकवायला सतत लक्ष धरून ठेवावं लागतं, त्या 'कॉन्सन्ट्रेशन'ला एकाग्रता म्हणतोय. मार बसला की फासा टाकायचा, १० किंवा झालेल्या माराच्या निम्मे, यांत जे जास्त ते गाठायचं. नाही गाठलं तर 'तुझी एकाग्रता भंग पावली' असं म्हणावं लागतं, आणि अख्खं टेबल हसतं. पौराणिक मालिकेतला ऋषी वाटतो. 'मिरर इमेज'लाही नाव द्या. 'प्रतिबिंब' म्हटलं की पोरं आरसा शोधतात.

कळवा

अवधान! 'अवधान सुटलं' दोन शब्दांत काम होतं, आणि ज्ञानेश्वरांपासून चालत आलेलं आहे. अवधान एका वेळी एकाच मंत्रावर राहतं, हेही आपसूक कळतं. म्हणूनच आपली आकृती धूसर करणारा 'ब्लर' मी कधी घेत नाही. चांगला आहे, पण सगळं अवधान खातो.

'मिरर इमेज'ला तोतये. सरळ. तीन तोतये आजूबाजूला उभे राहतात, वार खऱ्यावर की तोतयावर ते फासा ठरवतो आणि वार बसला की तोतया विरतो. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट एकदा सांगा, पोरं विसरणार नाहीत. आणि याला अवधान लागत नाही, म्हणून दुसऱ्या पातळीवर माझी पहिली निवड हीच.

घणसोली

अटकाव मान्य, तोतये तर फारच आवडले. 'ब्लिंक'ला लपंडाव चालेल का? प्रत्येक पाळीच्या शेवटी फासा टाकायचा, २०१४ च्या नियमांत ११ किंवा वर आलं की जादूगार गायब, पुढच्या पाळीला पुन्हा हजर.

पाचपाखाडी

लपंडाव घेतला. 'मिस्टी स्टेप'ला पोरांनीच 'सटक' ठेवलंय, ३० फूट सटकायचं म्हणून. त्याला मी हात लावणार नाही.