फिश टँकसाठी माती कुठली?

बी-३०४: नमस्कार मंडळी 🙏 कोणाकडे जुना फिश टँक पडून आहे का? लेकीला सुट्टीत झाडांचा टँक लावायचाय. दुकानात ॲक्वासॉइलच्या (टँकमधल्या झाडांसाठीची तयार माती) पिशवीचा भाव ऐकूनच परत फिरलो. सगळं मिळून दीड हजारात बसवायचंय, त्यावर घरून मंजुरी नाही.

ए-१०१ काकू: आमच्या माळ्यावर दोन फुटी आहे. सध्या त्यात कांदे ठेवलेत. घेऊन जा बाबा.

बी-३०४: काकू 🙏🙏 आता माती. साधी चालते म्हणे?

डी-२०२: माती मी देतो की! दिंडोरीला आपली द्राक्षबाग आहे. एक नंबर माती, गोणीभर आणतो.

सी-५०२ अण्णा: दादा, मन मोठं तुमचं, पण ती गोणी नको. द्राक्षाला वर्षानुवर्षं बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं मातीतच साचत जातं. टँकमध्ये गोगलगाई आणि झिंगे त्यानं आधी मरतात, माशांनाही ते वाईटच. खतं, फवारे वेगळेच.

डी-२०२: हे डोक्यातच आलं नाही 😅 मग बांधावरची? तिथे काहीच मारत नाही.

सी-५०२ अण्णा: ती काळी असणार. काळी माती पाण्यात फुगते, चिकट होते, आणि एकदा ढवळली गेली की गढूळपणा लवकर बसत नाही. नर्सरीतून तांबडी आणा, पण बिनखताची मागून घ्या. शेणखत-गांडूळखत मिसळलेली असली तर अमोनिया फार सुटतो, तो माशांना विषच.

ए-१०१ काकू: अण्णा, लिफ्टचं काय झालं तेही सांगून टाका एकदा.

सेक्रेटरी: लिफ्टवाला उद्या येतोय. विषयांतर नको.

बी-३०४: अण्णा, नीट सांगता का? लेक वही घेऊन बसलीय.

सी-५०२ अण्णा: लिही बाळा. माती वाळवून ढेकळं फोडायची, चाळायची. बादलीत भिजवून वर तरंगणाऱ्या काड्या ओतून टाकायच्या, पुन्हा वाळवायची. असं दोन-तीनदा. टाकीत थर इंचभरच. जाड केला तर खाली हवा पोचत नाही, माती सडते आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. वर इंच-दीड इंच धुतलेली वाळू. क्रश सँड (दगड भरडून केलेली) नको, तिची भुकटी कितीही धुतली तरी निघत राहते. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघ, फसफसली तर चुना आहे, त्यानं पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं. आणि पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेव, धार ताटलीवर पडू दे.
पैसे मातीत वाचवा, झाडांत नको. पहिल्याच दिवशी तळ झाडांनी भरलेला हवा. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जे भराभर वाढेल ते. सुरुवातीला माती जो अमोनिया सोडते तो हीच झाडं ओढून घेतात. चार काड्या लावून जागा मोकळी सोडली की शेवाळ माजलंच म्हणून समजा. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड बाईंनी ही मातीची पद्धत १९९९ साली पुस्तकात मांडली, त्यांचाही सगळा भर झाडांवरच.

बी-३०४: हायड्रिला सोमेश्वरला नदीत फुकट मिळेल ना?

सी-५०२ अण्णा: नको. नदीतल्या झाडांबरोबर चतुराच्या अळ्या येतात, त्या माशांची पिल्लं खातात. माझ्या टाकीची छाटणी मी बादलीभर फेकतोच, तीच घेऊन जा.

डी-४०३ ताई: आणि लाइट?

सी-५०२ अण्णा: ६५०० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी बल्ब, रोज ६ ते ८ तास. खिडकीतलं थेट ऊन नको.

बी-३०४: लेक विचारतेय, मासे कधी?

सी-५०२ अण्णा: पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, ही दोन्ही विषं शून्य दिसल्यावर. तीन-चार आठवडे धरा. किट माझ्याकडे आहे, विकत घेऊ नका. सुरुवातीला गप्पी घ्या. फार झाले तर ग्रुपवर वाटा, गोदावरीत सोडू नका.

सेक्रेटरी: वजन किती होईल? बाल्कनीत ठेवणार असाल तर आधी सांगा.

सी-५०२ अण्णा: २×१×१ फुटाच्या टाकीत जवळपास ५५ लिटर पाणी मावतं. काच, माती, वाळू धरून ७० किलो. भक्कम टेबलावर, आत हॉलमध्येच. आणि त्याआधी रिकामी टाकी बाथरूममध्ये काठोकाठ भरून दिवसभर ठेवा. इतकी वर्षं कोरडी होती, सिलिकॉन सुटलं असेल तर तिथेच कळेल.

बी-३०४: ठरलं. मातीला नर्सरीत जाण्यापेक्षा खालच्या बागेतली घेतली तर? तीही तांबडीच आहे.

सेक्रेटरी: सोसायटीच्या बागेतली माती कोणीही उचलू नये. परवाच युरिया टाकलाय.

सी-५०२ अण्णा: उचलली असती तरी फेकावीच लागली असती. युरियाचा पाण्यात अमोनियाच होतो.