मदत हवी आहे - स्टिरॉइड कमी करताना कुणाला असा त्रास झालाय का?

मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, ३ वर्षं प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू आहे, ४० मिग्रॅपासून उतरत उतरत आता ७.५ वर आलेय. उपाशीपोटी शुगर ९८ आणि दुपारी जेवल्यावर थेट २३०, डॉक्टर म्हणाले सकाळच्या गोळीचा परिणाम दुपारीच दिसतो. चेहरा तर असा सुजलाय की लग्नात मावशीने आधी ओळखलंच नाही आणि मग म्हणे "तब्येत छान झालीय हो!" आता सासूबाई म्हणतात गोळ्या बंद कर, काढा घे. अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं हे त्यांना कसं पटवू? डोस उतरवताना सांधे दुखणं, गळून जाणं कुणाला झालं का, किती दिवस राहिलं? आणि दुपारी भाकरीसोबत काय खाता?